तो हात धरायला नव्हता

तो हात मी धरायला पुढे केला नव्हता, ढकलायला केला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट ऐकायला कुणी थांबतच नाही. फोटो बघतात, डोळे पुसतात आणि पुढे जातात.

फोटो असा आहे. चिखलाने माखलेली मी, तोंड वासलेलं, उजवा हात समोर लांब केलेला. समोर माझ्या मोठ्या जाऊबाई, हसऱ्या, त्यांचाही हात माझ्याकडे. पेपरवाल्यांनी वर छापलं, 'पदकापेक्षा नातं मोठं'. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे आणि ताई, म्हणजे जाऊबाई, त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर मोठ्या नर्स. हॉस्पिटलने तो फोटो हातभर मोठा केला, काच बसवली आणि नोंदणीच्या खिडकीशेजारी लावला. रोज कामावर जाताना मला माझंच वासलेलं तोंड बघावं लागतं. तळपायाची आग मस्तकात जाते. परवा एक म्हातारी तिथे हात जोडून उभी होती. आता तिला काय सांगणार?

आमचा पळण्याचा क्लब म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांखालची एक खोली. सहा कपाटं, एक किटली, मलमाचा वास आणि बंद न होणारी एक खिडकी. क्लबाच्या चिटणीसाचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. वीस वर्षांपूर्वी क्लब काढला तेव्हा त्याने एक फळी रंगवून भिंतीवर ठोकली होती: 'पहिल्याने शेवटच्याला आणावं'. तोच आमचा एकमेव नियम. रविवारी दहा किलोमीटर पळायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून स्टेडियमच्या गेटपाशी परत यायचं. जो पहिला पोचेल त्याने बसायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. तसंच मागे फिरायचं, शेवटचा असेल त्याला गाठायचं आणि त्याच्या बरोबरीने गेटपर्यंत यायचं. नवीन माणूस आला की चष्मेवाला त्याला आधी त्या पाटीसमोर उभा करायचा आणि मग बुटांचा नंबर विचारायचा.

पहिल्या नेहमी ताई, आणि शेवटची मी. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या बाळंतपणानंतर, गुडघे धरून चालणारी बाई होते मी. ताईच मला क्लबात घेऊन गेल्या. पहिल्या रविवारी टाकीपाशी माझा जीव घशाशी आला, वाटलं इथेच बसावं आणि कुणीतरी उचलून न्यावं. तेवढ्यात ताई परत पळत आल्या. म्हणाल्या, चल, आलंच, मी आहे ना. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला रडू आलं होतं. आईनेसुद्धा कधी माझ्यासाठी एवढं मागे वळून बघितलं नव्हतं.

पण माणूस अकरा वर्षं तिथेच राहतो का? लाँड्रीत पाळी सुरू होण्याआधी मी हॉस्पिटलच्या कुंपणाला फेऱ्या मारायला लागले. आधी दोन, मग सहा, मग दहा. त्यानंतर आठ तास रोलरपुढे उभं राहून चादरी काढायच्या, गरम वाफ तोंडावर घ्यायची. दम कसा राखायचा ते मला त्या वाफेने शिकवलं. गेली दोन वर्षं मी शेवटची नव्हते. माझ्या मागे दोघी-तिघी धापा टाकत असायच्या. तरी ताई यायच्या त्या माझ्याकडेच. मागच्या बायकांपर्यंत पोचायच्याच नाहीत, वाटेत मी भेटले की वळायच्या. चल, आलंच, मी आहे ना. मी चांगली पळत असायची आणि त्या मला धीर द्यायच्या.

मी बोलले नाही. चूक माझी, कबूल आहे. घरातही वरच्या मजल्यावर त्या, खालच्या मजल्यावर आम्ही, एकच जिना, एकच पाण्याची टाकी. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? शिवाय धीर देणाऱ्या माणसाला, धीर देऊ नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगून बघा कधी, तुम्हीच कृतघ्न ठरता.

मागच्या वर्षी चाळिशीपुढच्या बायकांच्या शर्यतीत आमचा क्लब देशात दुसरा आला आणि आम्हाला परदेशातल्या स्पर्धेचं आमंत्रण आलं. जगभरातले क्लब येणार, रानातून, चिखलातून सहा किलोमीटर, दोन-दोनच्या तीन फेऱ्या. प्रत्येक क्लबाच्या चार बायका, त्यातल्या पहिल्या तिघींचे क्रमांक धरणार. आमच्या चौघी म्हणजे ताई, एक बँकवाली, टपाल वाटणारी आमची मैत्रीण आणि मी. चष्मेवाल्याने मला चौथी म्हणून घेतलं होतं, बदली खेळाडू घेतात तसं. त्याने तसं बोलूनही दाखवलं, की बाई, तुम्ही मजा करा, टेन्शन घेऊ नका. मी म्हटलं बघू. आदल्या दिवशी सराव करताना टपालवालीची पोटरी धरली आणि मजा संपली. आता तिघीच उरल्या आणि तिघींनीही पोचायलाच हवं होतं.

ती शर्यत मला पावलापावलाने आठवते. पहिल्या फेरीत मी मागे राहिले, मुद्दाम राहिले. दुसरीत एकेकीला गाठायला लागले. शेवटच्या वळणावर टपालवाली लंगडत, हातात घड्याळ धरून उभी होती. तिसऱ्या फेरीत मी तिथे आले तेव्हा ती ओरडली, एकविसावी! चौसष्ट बायकांत एकविसावी. माझ्यापुढे हिरव्या टी-शर्टवाली एक उंच बाई होती आणि तिचे खांदे वर गेले होते. खांदे वर गेले की माणूस संपत आला असं समजा. तीनशे मीटर उरले होते. मी मनात म्हटलं, ही माझी.

आणि समोरून ताई आल्या.

त्या चौथ्या आल्या होत्या. जगात चौथ्या! दुसरी कुणी असती तर गवतावर आडवी झाली असती. पण वीस वर्षांची सवय. शेवटची रेषा ओलांडली, पाणी घेतलं नाही, दोरीखालून वाकून परत मार्गावर आल्या आणि सरळ माझ्याकडे पळत सुटल्या. माझ्यासमोर येऊन वळल्या, हात पुढे केला. चल, आलंच, मी आहे ना. त्या माझ्या आणि त्या हिरव्या बाईच्या मधे होत्या. माझ्या अंगात बोलायला दम नव्हता, जो होता तो पायांना लागत होता. म्हणून मी हात लांब केला, त्यांना बाजूला सारायला. नेमकं तेव्हाच कुणीतरी फोटो काढला.

मी हिरव्या बाईच्या मागोमाग पोचले. पंच लाल झेंडी घेऊन उभे होते. शर्यत संपवलेल्या माणसाने पळणाऱ्याला सोबत करायची नाही, हा तिथला नियम, आणि शिक्षा होते ती पळणाऱ्याला. मी अपात्र. मी नाही म्हणजे तिसरी नाही, तिसरी नाही म्हणजे संघच नाही. टपालवालीने बेरीज करून ठेवली होती. आमचं तिसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. यादीत आज माझ्या नावापुढे क्रमांक नाही, वेळ नाही. जणू मी सहा किलोमीटर पळालेच नाही.

ताई रडल्या. खूप रडल्या. आणि बघा कसं असतं, मलाच त्यांना जवळ घ्यावं लागलं. पाठीवर हात फिरवत मीच म्हणत होते, जाऊ द्या ताई, होतं असं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी आलो तर हार, टाळ्या, भाषणं. लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस, अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं. मी चादरीची दोन टोकं धरून उभी, समोरची बाई दुसरी दोन टोकं धरून उभी, आणि घडी घालता घालता ती माझ्या जावेचे गोडवे गातेय. एक दिवस मी घडी अर्ध्यात सोडली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. चादर जमिनीवर पडली, पुन्हा धुवायला टाकावी लागली.

महिन्याभराने स्पर्धेच्या समितीचं पत्र आलं. ताईंनी मार्गात शिरून शर्यतीत अडथळा आणला, तर त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी का घालू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करा. चष्मेवाल्याने शनिवारी संध्याकाळी क्लबात बोलावलं. ताई, टपालवाली, मी आणि तो. किटलीत चहा होता. पत्र त्याने आधीच टाइप करून आणलं होतं, माझ्या नावाने. फक्त सही बाकी.

मी वाचलं. शेवटच्या फेरीत मला चक्कर आली. माझी शुद्ध हरपत होती. मी हात पुढे करून मदत मागितली, सोबत फोटो जोडला आहे. माझी सहकारी पेशाने नर्स असल्याने ती धावून आली. चार वाक्यं, त्यातलं खरं एवढंच की ताई नर्स आहेत.

मी विचारलं, हे कुणी रचलं? चष्मेवाला म्हणाला, रचलं काय, मांडलंय. तुमचं तर काहीच जात नाही, तुम्ही अपात्र आहातच, निदान एकीचं तरी वाचेल. माझ्या नवऱ्यानेही सकाळी हेच ऐकवलं होतं, कर की सही, आपलीच वहिनी आहे, तुझं काय जातंय. सगळ्यांना माझ्या खिशात काय आहे ते माहीत होतं आणि सगळ्यांच्या मते तो रिकामा होता.

मी मान वर केली आणि भिंतीकडे माझं लक्ष गेलं. पाटी नव्हती. तिच्या जागी पांढराफटक लांबट चौकोन आणि चार खिळ्यांची भोकं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती भिंत मी उघडी बघत होते. मी म्हटलं, पाटी कुठे गेली? तो म्हणाला, रंग द्यायचाय. मी म्हटलं, कधी काढलीत? त्याने चष्मा पुसायला घेतला. टपालवाली तोंडातल्या तोंडात म्हणाली, पत्र आलं त्याच दिवशी.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नियम क्लबाचा होता, भिंतीवर लिहिलेला. ताई आपल्या मनाने गेल्याच नव्हत्या, वीस वर्षं दर रविवारी जे करत आल्या तेच त्यांनी तिथे केलं. शर्यतीआधी परदेशातले नियम वाचून आम्हाला सांगायचं काम चिटणीसाचं. त्याने ते कागद उघडलेच नव्हते. हे समितीला कळलं तर क्लबाला पुढच्या वर्षी प्रवेश मिळणार नव्हता. म्हणून पाटी गायब आणि मला चक्कर. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, पण आपल्या हाताने रंगवलेली पाटी त्याला दिसेनाशी झाली होती.

मी उठले तशी ताई बोलल्या. तोपर्यंत त्या कपातला चहा नुसता बघत बसल्या होत्या.

"मला दोन वर्षं बसवतील गं. पुढच्या वर्षी मी पन्नाशीची होते, माझा गट बदलतो. त्या गटात मी पहिली येऊ शकते. मला हे एकच वर्ष आहे. सही केलीस तर तुझं काय जाणार आहे?"

पुन्हा तेच. बाकीच्यांनी म्हटलं ते मी गिळलं होतं. यांनी म्हटलं ते गिळवेना.

"ताई, मी तेव्हा कितवी होते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"तुम्ही मला आणायला आलात तेव्हा. माझ्यामागे किती जणी होत्या?"

चष्मेवाला म्हणाला, आता हा काय विषय आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही बसा. तो बसला.

"मला वाटलं..." ताई म्हणाल्या, "तू शेवटीच असशील."

"त्रेचाळीस," मी म्हटलं. "माझ्यामागे त्रेचाळीस बायका होत्या. तुम्ही माझ्या अंगावर येईपर्यंत मला बघितलंच नाहीत. त्या दिवशीच नाही, दोन वर्षं झाली, बघतच नाही. येता, वळता आणि मी आहे ना म्हणता. तुम्ही आहात हो, पण मीही आहे ना?"

माझा आवाज चढला होता. ताईंशी मी या आवाजात कधीच बोलले नव्हते. टपालवालीने पिशवीतून वही काढली. पत्रं वाटून वाटून तिला सवय आहे, ज्याचं त्याला द्यायची. तिने वाचून दाखवलं. माझी शेवटची फेरी, वळणापासून वळणापर्यंत, पहिलीपेक्षा बावीस सेकंदांनी कमी. ताईंची स्वतःची शेवटची फेरी पहिलीपेक्षा नऊ सेकंदांनी जास्त होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती मी होते, आणि ते वहीत लिहिलेलं होतं. वाचून झाल्यावर तिने वही मिटली आणि म्हणाली, चक्कर आलेली बाई असं पळते का?

ताईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. दोन वर्षांचा राग एका संध्याकाळी संपत नसतो.

मी चष्मेवाल्याचं पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या हाताने लिहिलं. मला चक्कर आली नव्हती. मी शुद्धीवर होते आणि चांगली पळत होते. मी मदत मागितली नाही, फोटोतला हात मी तिला बाजूला करायला पुढे केला आहे. ती आली कारण आमच्या क्लबात पहिल्याने शेवटच्याला आणायचं असा नियम आहे आणि तो पाळायला तिला वीस वर्षं शिकवलं गेलं. तुमचा नियम आम्हाला कुणी सांगितला नाही. तिला बंदी घालू नका. माझी शेवटची फेरी किती वेळात झाली ते सोबत लिहिते, तुमच्या यादीत नाही म्हणून. आणि खाली सही केली, दाबून, कागद फाटेल इतकी.

चष्मेवाला म्हणाला, हे पाठवलंत तर क्लबाचं पुढचं वर्ष गेलं. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, पुरावा काय नियमाचा? टपालवाली लंगडत कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेली, मागे हात घातला आणि धुळीने भरलेली पाटी ओढून काढली. मी तिचा मोबाइलवर फोटो काढला. या एका फोटोत तरी जे दिसतं तेच खरं होतं.

समितीचं उत्तर यायला दोन महिने लागले. ताईंना ताकीद दिली, बंदी नाही. पुढच्या वर्षी त्या एकट्याने, स्वतःच्या नावावर पळू शकतात. क्लबाला वर्षभर प्रवेश नाही. माझ्या निकालात बदल होणार नाही, असं शेवटी एका ओळीत लिहिलं होतं. फेरीच्या वेळेबद्दल चकार शब्द नाही. चष्मेवाला माझ्याशी बोलणं सोडून बसलाय, बुटांचा नंबरसुद्धा टपालवालीकरवी विचारतो. नवरा म्हणाला, बघ, मिळालं का काही तुला? मी त्याला स्वतःचं जेवण स्वतः वाढून घ्यायला सांगितलं. फोटो हॉस्पिटलात अजून लटकतोय. काढा म्हणून मी तीनदा अर्ज दिला, ते म्हणतात रुग्णांना बरं वाटतं.

ताई आणि मी जिन्यात भेटलो की पाण्याचं, दिव्याचं बोलायचो. बाकी काही नाही. रविवारी पळायला दोघी जायचो, पण वेगवेगळ्या निघायचो. त्या दोन महिन्यांत त्यांनी कुणालाच आणलं नाही. गेटपाशी पोचल्या की बुटाची नाडी सोडत बसायच्या.

उत्तर आलं त्यानंतरच्या रविवारी मी टाकीच्या वळणावरून बाहेर आले तर ताई गेटमधून निघाल्या होत्या. दहा-बारा पावलं सवयीने पळत आल्या. माझ्या डोक्यात परत आग पेटली. हात आपोआप वर गेला. पण त्या थांबल्या. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि दोनशे मीटरवरून ओरडल्या.

"येऊ का गं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. सोपा प्रश्न होता, दोन शब्दांचा. एवढ्यासाठी एक पदक गेलं, एका क्लबाचं वर्ष गेलं.

"नको!" मी ओरडले, आणि हात मागे दाखवला. माझ्यामागे, टाकीच्या पलीकडे, टपालवाली होती. पोटरी बरी झाली तरी अजून लंगडते ती, आणि त्या दिवशी खरंच शेवटची होती. "तिला विचारा!"

ताई निघाल्या. माझ्या बाजूने जाताना त्यांनी मला बघितलं, पायांकडे, खांद्यांकडे, नीट. मी अजून रागातच होते. पुढे हिरव्या टी-शर्टवाली कुणी नव्हती, तरी मी गेटपर्यंत जोर लावला.